ताम्रबाहूच्या नऊ भागांतली माझी मरणं

प्रिय कानसेन यास,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष अशी काहीही नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पाकीट फोडल्याफोडल्या तुझ्या कपाळावर आठ्या चढायला नकोत. तुझा गुडघा कसा आहे? लेकीच्या घरी जिने नाहीत हे ऐकून बरं वाटलं. जावई अजून मोठ्याने टीव्ही लावतात का, आणि तू अजून "वरचा सूर फाटतोय" म्हणत उठून आवाज कमी करतोस का, हे सविस्तर कळव. (करत असशील तर करू नकोस. जावयालाही मन असतं. मी सासूबाईंबरोबर एका घरात राहणारा जावई आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.) गुडघ्याला लवकर आराम पडो आणि तू पूर्वीसारखा तुरुतुरु चालायला लागोस, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. आमच्याकडे तुझी वहिनी ठीक, सासूबाई तर गरजेपेक्षा जास्त ठीक. मी तेवढा संपलो.

संपलो हा शब्द मी विचार करून लिहिलाय. सातव्या भागानंतर तू स्टुडिओ सोडलास आणि इथे काय चाललंय ते विचारायचंही सोडलंस, तेव्हा जरा मुळापासून सांगतो. ताम्रबाहू या परदेशी चित्रपटाचे सात भाग आपण दोघांनी आपल्या भाषेत आणले. (आपण दोघांनी असं मी म्हणतो. ताम्रबाहूचा आवाज देणारा कलाकार यायचा, गरम पाणी मागायचा, जग वाचवायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी निघून जायचा. त्याचं नाव शेवटच्या पाटीवर असतं, आपली नावं "आणि इतर" या दोन शब्दांत असतात.) तू काचेपलीकडे हेडफोन लावून, मी काचेअलीकडे माइकसमोर. पडद्यावर खलनायकाची परदेशी माणसं, पहारेकरी, सैनिक, पाणबुडे, त्या तांब्याच्या हाताचा तडाखा खाऊन मरायची आणि त्यांच्या ओठांशी आवाज जुळवून मी किंचाळायचो. "कोण आहे तिकडे?" हे माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यांत लांब वाक्य. ते बोललं की माणूस पुढच्या फ्रेममध्ये मेलाच. तू मला हुतात्मा म्हणायचास ते उगाच नव्हे. इतक्या वेळा मरूनही मी कधी तक्रार केली नाही, कारण मरायला बोलावणं येत होतं. आता तेही यायचं थांबलंय आणि ते थांबायला कारण मीच झालो.

झालं असं. स्टुडिओत नवे साहेब आलेत. माणूस सज्जन आहे, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नाही. ते मला काका म्हणतात, खुर्ची देतात, आणि माझी किंकाळी झाल्यावर "छान, ओके" म्हणून फोनकडे बघतात. दहावा भाग यायचा होता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की काका, नऊच्या नऊ भागांत काम केलेले इथे तुम्ही एकटेच उरलात, तर तुम्ही सगळ्या भागांचा क्रम लावून द्या, सरस कुठला, सुमार कुठला, आणि का, जाहिरातीसोबत टाकू. मला वाटलं सत्कार. घरी येऊन तसं बोलूनही बसलो. तुझ्या वहिनीने लग्नातला कोट कपाटातून काढून उन्हात टाकला. सासूबाईंनी विचारलं की भाषण असेल का, आणि असेल तर त्यात त्यांचा उल्लेख असेल का.

आता तूच सांग, मला चित्रपटातलं काय कळतं? नऊ भाग मी तुकड्यातुकड्यांनी पाहिले. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक माणूस जिवंत असतो आणि शेवटी तो नसतो. गोष्ट काय, ताम्रबाहूचा हात तांब्याचा का झाला, त्याचा भाऊ उलटला तो का, हे मला सासूबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. तेव्हा क्रम लावायला मी माझी पट्टी घेतली. ज्या भागात माझी किंकाळी चांगली तो भाग चांगला. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. दुसरी पट्टी असते हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

तिसरा भाग मी शेवटी टाकला. सगळं जग त्या भागाला डोक्यावर घेतं हे मला ठाऊक आहे, गंभीर आहे म्हणे, त्यात अर्थ आहे म्हणे. पण त्यात खलनायकाची अख्खी फौज दगड होते, एका क्षणात, तोंड मिटून. माणसाला मरताना ओरडूही न देणाऱ्या चित्रपटाला मी कुठे बसवू? त्याच्या वर पाचवा, कारण त्यात फौज यंत्रांची होती आणि तू मला "खर्रर्र" करायला लावलं होतंस. (ते मी चांगलं केलं होतं. पण बायकोने थिएटरात विचारलं की यात तू कुठे आहेस, आणि मी पडद्यावरच्या एका पेटलेल्या डब्याकडे बोट दाखवलं, तो प्रसंग मी विसरू शकत नाही.) आठवा त्याच्या वर. तो नव्या साहेबांच्या काळातला पहिला. त्यांनी मला "जरा तरुण किंकाळी द्या" असं सांगितलं. मरणाऱ्या माणसाने तरुण कसं व्हायचं ते विचारण्यासाठी मी सवयीने काचेकडे पाहिलं, तर तिथे तू नव्हतास. जशी आली तशी दिली.

नववा मला कुठेच बसवता येईना. त्यात खुद्द ताम्रबाहू मरतो. एक शब्द बोलत नाही, नुसता आभाळाकडे बघतो, आणि अख्खं थिएटर रडतं. माझ्या बाजूला सासूबाई पदर तोंडाशी धरून हुंदके देत होत्या. मी त्याच चित्रपटात त्याआधी चौदा वेळा मेलो होतो, एकदा तर उकळत्या डांबरात, तेव्हा त्या शेंगदाणे खात होत्या. मला वाईट वाटलं रे. अगदी खरंखरं वाईट वाटलं. मी त्याला मधे कुठेतरी ढकलला आणि पुढे गेलो.

वरच्या जागांसाठी मात्र मारामारी झाली. पहिल्या भागात मी मनोऱ्यावरून पडतो, आणि तो मनोरा इतका उंच आहे की किंकाळीत मला एकदा श्वास घ्यायलासुद्धा वेळ मिळाला होता. दुसऱ्यात मी बुडून मरतो, किंकाळी तोंडात पाणी धरून केली होती, माइकवर शिंतोडे उडाले म्हणून तू आठवडाभर बोलला नाहीस, पण ती किंकाळी टाकून दिली नाहीस. सहाव्यात काळ मागेपुढे होतो आणि एकच पहारेकरी पुन्हा पुन्हा मरतो, दर वेळी त्याला थोडं आधी कळतं, आणि तू मला प्रत्येक खेपेला वेगळं मरायला लावलंस. शेवटच्या खेपेला तो कंटाळून मरतो. असं मरण जगात कोणी रेकॉर्ड केलं नसेल. आणि सातवा. हिमकडा कोसळतो त्याखाली माझी किंकाळी वाद्यमेळात बुडाली होती, आणि तू नोकरीच्या शेवटच्या दिवशी वरच्या लोकांशी भांडून ती एक पट्टी वर काढून घेतलीस. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. तुला सांगितलं नाही इतकंच. तो दुसऱ्या क्रमांकावर आहे.

पहिल्या क्रमांकावर चौथा. जगात सगळे त्याला सगळ्यांत टाकाऊ भाग मानतात, कारण ताम्रबाहूची स्मृती जाते आणि तो निम्मा चित्रपट घड्याळं दुरुस्त करत बसतो. असू दे. त्यात बँकेच्या तिजोरीच्या दारात सापडून एक पहारेकरी मरतो, त्या किंकाळीला तोड नाही. ती कोणाची हे तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. सकाळपासून मी किंचाळत होतो आणि तू काचेपलीकडून मान हलवत होतास, पुन्हा, पुन्हा. शेवटी माइक खाली घ्यायला तू स्वतः आत आलास, तुझ्यामागे ते बूथचं अवजड दार आपोआप लागलं आणि तुझं बोट त्यात सापडलं. माइक चालू होता. तू किंचाळलास आणि लगेच त्या दाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. मग बोटाला रुमाल गुंडाळून तू ते वाजवून पाहिलंस, तर पडद्यावरच्या पहारेकऱ्याच्या ओठांशी अक्षर न अक्षर जुळत होतं, जणू त्या परदेशी नटाने तुझ्यासाठीच तोंड उघडलं होतं. "हीच ठेवायची," तू म्हणालास, "फक्त शिव्या काप, आणि कोणाजवळ बोलू नकोस, रेकॉर्डिस्टचा आवाज रेकॉर्डमध्ये सापडला तर मला घरी बसवतील." मी आजवर बोललो नाही. क्रमातही नुसतं लिहिलं, भाग चौथा, तिजोरीच्या दाराची किंकाळी, अतुलनीय.

साहेबांनी माझा क्रम वाचला. वाचता वाचता त्यांनी फोन उलटा ठेवला. मला वाटलं, भारावले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "म्हणजे काका, एवढ्या सगळ्या चांगल्या किंकाळ्या आपल्याकडे आधीच रेकॉर्ड केलेल्या पडून आहेत?" मी अभिमानाने म्हणालो, हो तर. पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मी पाहिलेत, पण तो असा पुसून, मोजूनमापून, चांगल्यात चांगला कुठला ते सांगून हातात देणारा माणूस मी पहिलाच.

दहाव्या भागाचं बोलावणं येईना म्हणून मी चौकशीला गेलो. बूथबाहेरच्या बाकावर बसलो, चहा आला. आतून माझा आवाज यायला लागला. आधी मी मनोऱ्यावरून पडलो, मग बुडालो, मग हिमकड्याखाली गेलो, मग पुन्हा मनोऱ्यावरून. बाहेर मी चहा पीत होतो आणि आत मी एकामागून एक मरत होतो, आणि खरं सांगू, आतला माझ्यापेक्षा सरस होता. त्याचा दम मोठा होता. त्याला खोकला नव्हता. साहेब बाहेर आले आणि मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की माझी तक्रार घशातच राहिली. ते म्हणाले, "काका, आता तुम्हाला घसा ताणायला नको. पुढच्या सगळ्या भागांत तुम्हीच असाल. तुम्ही अमर झालात." त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मी घरी आलो. कोट अजून दोरीवरच होता.

घरी मी कोणाला सांगणार नव्हतो, पण सासूबाईंपुढे काही लपत नाही. त्यांचा स्वतःचा वेगळा क्रम आहे. ताम्रबाहू ज्या भागात आईला जितक्या वेळा भेटतो तितका तो भाग वर. नववा त्यांनी शेवटी टाकलाय, कारण तो आईला न सांगता मेला. (तांब्याचा हात काळा कसा पडत नाही, घासतं कोण, हा त्यांचा पहिल्या भागापासूनचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एकाही भागाने दिलेलं नाही.) तर दहाव्याची झलक टीव्हीवर लागली, त्यात कोणीतरी बुडालं, आणि सासूबाई भाजी निवडताना मान वर न करता म्हणाल्या, "ही दुसऱ्यातली. शिळी आहे." मग त्या म्हणाल्या की इतकी वर्षं थिएटरात कोणी मेलं की मी शेजारणीला सांगते, हे आमचे जावई, आता कोणत्या तोंडाने सांगू? मला त्या बाईंनी कधी ऐकलंय असंच मला वाटत नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन नुसता उभा राहिलो.

असं आहे सगळं. माझ्या वयाच्या माणसाला दुसरं काही येत नाही. नोकरीच्या जाहिरातीत लिहू काय, किंचाळण्याचा दीर्घ अनुभव? तू वाईट वाटून घेऊ नकोस, आणि मुख्य म्हणजे इकडे येण्याची वगैरे तसदी मुळीच घेऊ नकोस. गुडघा सांभाळ. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार, टीव्हीचा आवाज त्यांना हवा तेवढा ठेवू दे.

तुझा,
हुतात्मा

ता. क. १ : पत्र चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. साहेबांचा फोन आला. दहाव्या भागात चौथ्यातल्या त्या मेलेल्या पहारेकऱ्याचा भाऊ सूड घ्यायला येतो आणि त्याच तिजोरीच्या त्याच दारात सापडतो. तिथे साहेबांनी अर्थातच पहिल्या क्रमांकाची किंकाळी लावली. पण भाऊ जरा जास्त वेळ सापडतो. किंकाळी संपते आणि त्याचं तोंड उघडंच राहतं. पुढे तुझ्या शिव्या होत्या, त्या आपण कापल्या. साहेबांनी यंत्रावर ती ताणून पाहिली तर गाय हंबरल्यासारखी झाली. म्हणून त्यांनी हुकूम काढलाय की मूळ कलाकाराला गुरुवारी बोलवा. आणि म्हणाले, तशीच जिवंत आली तर दहाव्यातली सगळी जुनी मरणं काढून टाकू आणि काकांकडून ताजी करून घेऊ, पुढच्या भागांतलीसुद्धा. म्हणजे माझं सगळं त्या एका किंकाळीवर येऊन ठेपलंय, आणि ती तेवढी माझी नाही.

ता. क. २ : तुला त्रास नको म्हणून मी आधी घरीच प्रयत्न केला. कपाटाच्या दारात बोट ठेवलं आणि तुझ्या वहिनीला दार लावायला सांगितलं. तिच्याने होईना. सासूबाई मी लावते म्हणून लगेच पुढे आल्या (इतक्या लगेच यायला नको होतं), पण दार लागायच्या आधीच हात मागे येतो आणि तोंडातून आवाज निघून जातो. ती भीतीची किंकाळी झाली, दुखण्याची नव्हे. हा फरक तूच शिकवलास. खाली राहणारे गृहस्थ काय झालं म्हणून वर धावत आले, त्यांनाही ती पटली नसावी, कारण दारातूनच परत गेले. तेव्हा आता सांगतो. साहेबांनी आवाज घुमू नये म्हणून बूथमध्ये माझ्यामागे जाड पडदा लावलाय. त्याच्यामागे एक माणूस आरामात मावतो. साहेब काचेपलीकडे फोनकडे बघत असतात. तू मागून किंचाळ, मी पुढे तोंड उघडतो. आयुष्यभर मी लोकांच्या ओठांना आवाज दिला, एकदा कोणी माझ्या ओठांना दिला तर काय बिघडलं? आणि नाहीच जमलं, तर निदान काचेपलीकडे बस आणि मान हलव. तू गेल्यापासून मला कोणी "पुन्हा" म्हणालेलं नाही. पहिल्याच खेपेला छान, ओके. असं कोणी मरतं का?

ता. क. ३ : बोटाची काळजी करू नकोस. मी काल जाऊन दार बघून आलो. त्याला आता कडेने रबर बसवलंय, बोट सापडलं तरी लागणार नाही, म्हणजे किंकाळी आता दुसऱ्या कुठल्या दुखण्यातून काढावी लागणार. पण स्टुडिओ अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे आणि लिफ्ट बंद आहे. तेव्हा पत्राच्या सुरुवातीला मी जी मनापासूनची इच्छा केली होती ती मागे घेतो. गुरुवारपर्यंत कृपा करून गुडघ्याला आराम पडू देऊ नकोस.